लाय शुइ-मू यांनी एक कोळंबी सोलिली त्याची हकीकत

श्री मात्सू समुद्रमाता प्रसन्न. थोरांच्या लढाया थोरांनी लिहविल्या आणि त्यांस कागद पुरला नाही. परंतु पिंगतुंग प्रांती, तेथील प्रजासत्ताकाचे साल एकशे तेरा, दहावा महिना, आदितवारी दोन प्रहरी जी लढाई जाहली ती कोणी लिहिली नाही, आणि पुढील पिढीस भलतेच काही ऐकू जाईल ऐसे भय वाटोन हा मजकूर कलमबंद केला असे. लिहिणारा ते समयी रणभूमीपासोन दीड हातावर, प्लास्टिकच्या तिसऱ्या स्टुलावर हजर होता. त्याचा चहा या लढाईत सांडला, तरी मनी आकस न ठेविता जैसे घडले तैसेच लिहितो.

राजश्री लाय शुइ-मू, उमर बासष्ट, शहरातील सहा नंबर बसचे चौतीस वर्षे सारथ्य करोन नुकतेच निवृत्त जाहले. त्यांची कीर्ती ऐसी की गल्लीतून मांजर निघाले तर पाय ब्रेकवर आधी पडे आणि मांजर नंतर दिसे. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती वज्रचुडेमंडित फांग यू-चान. उभयतांचा संसार एकतीस वर्षे बिनतक्रार चालिला, म्हणजे तक्रार होती ती लायरावांस ऐकू आली नाही.

मग भाच्याचे लग्न निघाले आणि भर रस्त्यात मांडव घालोन दहा-दहा माणसांची गोल टेबले मांडिली आणि सातवे ताट कोळंबीचे आले. त्या मुलुखी प्रीतीची गोष्ट तोंडाने कोणी बोलत नाही. नवरा बायकोस कोळंबी सोलून देतो, आणि सारी मजलस समजायचे ते समजते. शेजारी कुओ खाटीक, ज्यांचे हातांस जन्मात कोणी नाजूक म्हटले नाही, ते आपले बायकोस एकामागोन एक सोलून वाढीत होते. आणि आमचे लायराव? सौभाग्यवतींनी सोलून वाटीत घातलेली कोळंबी त्यांनी खाल्ली, आणि मग, दैव फिरले की बुद्धीही फिरते, दुसरीकरिता वाटी पुढे केली.

"एकतीस वर्षं मी सोलतेय," यू-चानबाई म्हणाल्या. "तुम्हाला तिचं डोकं कुठल्या बाजूला असतं, ते तरी ठाऊक आहे का?"

टेबलावरील आठ माणसे हसली. लायरावांचे कान लाल जाहले आणि त्याच भरात त्यांनी प्रतिज्ञा केली की बाजारची कोळंबी सोलणे हे कोणीही करील, आपण जिवंत कोळंबी स्वहस्ते धरोन, स्वहस्ते भाजोन, स्वहस्ते सोलून देऊ. बाईंनी प्रतिज्ञा मंजूर केली आणि ती पुरी होईतोवर नाकेबंदीचे फर्मान काढिले. घरातील बोलणे तीन वाक्यांवर आले: जेवायला या, दिवा मालवा, आणि गाडी वाजतेय, कचरा न्या.

एरवी बाईंची जीभ म्हणजे अष्टौप्रहर चालणारा नगारखाना; बहिणीचे गुडघे, सुनेचा स्वभाव, वरच्या मजल्यावरील बाईने गॅलरीत वाळत टाकलेला मुळा, कोणताही विषय वर्ज्य नाही. लायरावांनी घरात जरा शांतता असावी म्हणोन पूर्वी देवळात उदबत्त्याही लाविल्या होत्या. ती शांतता आता लाभली आणि घर खायला उठले. बाराव्या दिवशी ते स्वयंपाकघरात उभे राहोन नुसता फ्रिजचा आवाज ऐकत राहिले. इतके एकटे त्यांस कधी वाटले नव्हते.

मग आदितवारचा मुहूर्त धरोन स्वारी स्कूटरवर निघाली. लायराव पुढे, आणि बाई निवाडा करण्याकरिता मागे, आणि वाटेत एक अक्षर बोलणे नाही. मुक्काम शहराबाहेर 'सोनेरी नांगी' या तळ्यावर पडला, जेथे पैसे मोजोन कोळंबी गळास लाविता येते. वर पत्र्याचे छत, खाली सिमेंटचा हौद, त्यात हिरवे गढूळ पाणी, ऐसे की शत्रूचे बळ किती याचा अदमास ब्रह्मदेवास न लागावा. काठी स्टुलांची रांग, कोपऱ्यात भाजण्याच्या छोट्या भट्ट्या आणि सगळीकडे लसणीचा वास. तळ्याची मालकीण आ-मानबाई, मोठी कसलेली किल्लेदारीण, तिने दोन तासांकरिता गळकाठ्या दिल्या आणि कोंबडीच्या काळजाचे तुकडे दारूगोळा म्हणोन दिले. दुसरी काठी यू-चानबाईंनी घेतली, कारण रिकामे बसणे त्यांच्या कुळात नाही.

मालकिणीने युद्धशास्त्र सांगितले ते येणेप्रमाणे. दोरीवरचा लाल मणी पाण्यात बुडाला म्हणजे ओढू नये, कारण कोळंबी आमिष आधी नांगीत धरिते, मग आपल्या जागी नेते, मग इकडेतिकडे बघते, आणि मग तोंडात घालते. सबब सावकाश दहा मोजावे आणि मगच काठी उचलावी. लायरावांनी मान डोलाविली आणि वेढा घातला.

मणी बुडाला. चौतीस वर्षांचा उजवा पाय फरशीवर धाडकन आदळला, त्याबरोबर काठी उडाली आणि रिकामा गळ पत्र्याला जाऊन लागला. पुनः गळ टाकिला, पुनः मणी बुडाला, पुनः ब्रेक दाबिला. चौथ्या ब्रेकास आमचा चहा सांडला आणि सातव्या ब्रेकास पलीकडचे म्हातारे आजोबा, बसमध्ये बसल्याप्रमाणे, आपोआप पुढल्या खांबास धरोन बसले. दहा मोजावे म्हणावे तर लायरावांचा एक आणि दहा एकाच श्वासात होत असे. शत्रू काळीज खाऊन खाऊन लठ्ठ जाहला असावा.

आणि यू-चानबाई? त्यांनी मणी बुडाला की डोळे मिटावे, जरा पोट खाजवावे, आणि मग काठी ऐसी उचलावी की जणू दोरीवरचे कपडे काढितात, आणि खाली निळ्या नांग्यांची कोळंबी लोंबत असावी. एक, दोन, पाच, नऊ. त्यांची जाळी भरली, तरी मुखातून शब्द नाही. मग मालकिणीने बादलीभर नवी कोळंबी हौदात सोडिली आणि शत्रूस कुमक आलेली पाहोन सारी फौज आनंदाने नाचू लागली, ऐसे दुसऱ्या कोणत्या लढाईत घडल्याचे आम्ही ऐकिले नाही.

वीस मिनिटे उरली. लायरावांचे खाती शून्य. मालकिणीस दया येऊन ती काठी बघण्याचे मिषाने जवळ वाकली. "काका, काकूंचं लक्ष नाहीये. मी गुपचूप एक लावून देऊ गळाला?"

मोह मोठा होता, मान आधीच धुळीस मिळाला होता, आणि घरी फ्रिजचा आवाज वाट पाहात होता. "नको गं," लायराव म्हणाले. "तिला कळलं नाही, तरी मला कळेलच की."

बाईंचे लक्ष नव्हते हा मालकिणीचा भ्रम होता. यू-चानबाईंनी आपली काठी खाली ठेविली, स्टूल सरकाविले, आणि बारा दिवसांची नाकेबंदी आपल्याच हुकमाने मोडिली.

"अहो, पाय वर घ्या," त्या म्हणाल्या. "इथे ब्रेक नाहीये. आणि आकडे मोजू नका, थांबे मोजा. थांब्यावर तुम्ही कधी घाई केली नाहीत."

मग लायरावांनी बूट काढोन, बासष्ट वर्षांचे गुडघे कुरकुरत असता, स्टुलावर मांडी घातली, आणि मांडी घातलेला सेनापती डुगडुगू लागला, आणि मागून बाईंनी त्यांची बंडी मुठीत धरिली. मणी बुडाला. पाय मांडीतल्या मांडीत वळवळला पण त्यास दाबावयास काही सापडले नाही. लायराव पुटपुटू लागले. स्टेशन, दार उघडले, दार लाविले. पोस्ट. कन्याशाळा, येथे मुली धावत येतात, जरा थांबावे. मात्सू मंदिर. भाजीबाजार, म्हातारीची टोपली आत घ्यावी. दवाखाना. पूल. पेट्रोल पंप. सुपारीची टपरी. सारा हौद श्वास रोखोन त्या बसमध्ये बसला होता. डेपो, ऐसे म्हणोन काठी उचलिली, आणि वाकलेल्या काठीचे टोकास वीतभर नांग्यांची, फडफडणारी, संतापलेली कोळंबी वर आली. लायराव हर्षे करोन उठावयास गेले, मांडी सुटली नाही, आणि कोळंबीसह बाईंच्या अंगावर कोसळले. कोळंबीने त्यांचा अंगठा धरिला. त्यांनीही तिला सोडिले नाही. पलीकडच्या आजोबांनी टाळ्या वाजविल्या, आणि आम्हीही चहा विसरोन वाजविल्या.

पुढे कोळंबी धुवोन, काडीस टोचोन, मिठात घोळवोन भट्टीत घातली आणि लायराव तिच्या काचेच्या दारासमोर उकिडवे बसोन ती लाल होईतोवर हालले नाहीत. मग सोलणे आरंभिले. डोके कोणत्या बाजूस हे नांग्यांवरोन कळाले. बाकी सारे अंदाजाने. बोटे भाजली, टरफलासंगे निम्मे मांस गेले, आणि अखेर जे उरले ते शेंगदाण्याहून काही मोठे नव्हते. ते त्यांनी दोन्ही हातांनी यू-चानबाईंच्या वाटीत ठेविले आणि खाली पाहात राहिले.

बाईंनी ते तोंडात घातले. बराच वेळ चावले, इतके त्यात चावण्याजोगे नव्हते. डोळे पुसले आणि भट्टीच्या धुरास दोष दिला.

"मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या.

आणि मग बांध फुटला. मीठ कसे घालावे, बहीण मीठ कसे घालते, बहिणीचे गुडघे, लग्नात सुनेने नेसलेले कापड, कुओ खाटीक बायकोस सोलून देतो पण भांडी एक दिवस घासत नाही, वरचा मुळा, त्याचा वास. आणि बोलता बोलता आपल्या नऊ कोळंब्या त्यांनी भाजोन लायरावांपुढे सरकाविल्या आणि लायराव त्या एकेक सोलीत गेले, आणि नवव्या कोळंबीस टरफल सबंध निघाले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आमचेकडील जखमी एक अंगठा, चार बोटे. ठार एक पेला चहा. बाई एवढे काय बोलत होत्या, हे दप्तरी लिहावे म्हणोन लायरावांस पुसले, तो त्यांस एक शब्द सांगता येईना. ती बोलत होती, एवढेच लिहा, म्हणाले. तैसे लिहिले असे.