दाजीबांचे काटे आणि एकुलता एक विजय

एका जंगलात, म्हणजे नुसती पाटी लावलेल्या जंगलात नव्हे, खरोखरीची झाडं असलेल्या जंगलात, एक मोकळा माळ होता. त्या माळावर प्राणी रग्बी खेळत.

काय म्हणालास? जंगलात रग्बी कशी? अरे, गोष्टीतला ससा बोलतो तेव्हा तुला काही वाटत नाही, आणि आता शंका काढतोस होय? ऐक मुकाट्यानं.

रग्बी सोपी असते. चेंडू काखेत मारायचा, पळत सुटायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. समोरच्यांनी अंगावर पडून पळणाऱ्याला आडवं करायचं. चेंडू दुसऱ्याला द्यायचा तर तो मागच्यालाच द्यायचा, पुढच्याला नाही. हा नियम जंगलात सगळ्यांना चटकन समजला. काम मागच्यावर ढकलायची त्यांना सवयच होती. चेंडू म्हणून ते कच्ची पपई वापरत.

तर आपल्या गोष्टीतला संघ म्हणजे माळवाडी रग्बी मंडळ. त्याचा कप्तान होता धुळोजी नावाचा रानडुक्कर. मान जाड, छाती रुंद आणि मन लोण्याचं. कुणाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

संघाला शिकवायला वानरमास्तर होते. ते झाडावर बसून शिकवत. "पळा! पाडा! अरे गाढवा, तिकडे नाही!" संघात गाढव नव्हतं, पण मास्तरांची चूक काढणार कोण? खाली उतरून त्यांनी कधी पपईला हात लावला नव्हता. तरी जिंकलो तर मास्तरांमुळे आणि हरलो तर गाढवांमुळे, असं ठरलेलं होतं.

हा संघ नेहमी हरायचा. पण सामना संपला की दोन्ही संघ माळावरच पंगत मांडून एकत्र जेवत. रग्बीत तशी पद्धतच आहे. आणि जेवणात माळवाडीचा हात कुणी धरत नसे. हरल्याचं दुःख दुसऱ्या वाढीपर्यंत टिकायचं. नंतर गाणी, नकला, मागच्या वर्षीच्या मारामाऱ्या. धुळोजीला वाटे, एवढं सुख वाघालासुद्धा नसेल.

खरंच नव्हतं. जंगलाचे राजे वाघमहाराज, त्यांना एक मेहुणा होता. रंगराव नावाचा तरस. वाघाचा मेहुणा तरस कसा, हे मला विचारू नका. राणीसाहेबांना विचारा आणि परत आलात तर मलाही सांगा. या रंगरावाला माळावर मंगल कार्यालय बांधायचं होतं. तो रोज महाराजांच्या कानाशी लागला. शेवटी दवंडी पिटली गेली.

"ऐका हो ऐका! यंदा जो संघ हंगामातले सगळेच्या सगळे सामने हरेल, त्याचा माळ सरकारजमा होईल!"

माळवाडीत त्या दिवशी कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. आता समजा, काय झालं असेल त्यांचं.

हंगाम सुरू झाला. पहिला सामना लांडग्यांशी. उद्घाटनाला हत्तीला बोलावलं. मानानं त्याच्या सोंडेत पपई दिली. त्यानं ती खाल्ली. दुसरी पपई कुणी आणली नव्हती. यजमानांनी चेंडू दिला नाही म्हणून सामना लांडग्यांना मिळाला. हत्तीनं भाषणात फळाची स्तुती केली.

मग हरणांशी सामना झाला. माळवाडीच्या एकाही गड्याला हरणांचा चेहरा दिसला नाही, पाठीच दिसल्या. मगरींशी अर्धा खेळ बरा गेला. अर्ध्यानंतर मगरींनी सामना नदीत नेला.

पण हरण्याचं खरं कारण निराळंच होतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

रग्बीत स्क्रम नावाचा प्रकार असतो. दोन्हीकडचे गडी खांद्यात खांदे अडकवतात, डोकी खाली घालतात आणि एकमेकांना रेटतात. माळवाडीत स्क्रमची पुढची, मधली जागा ही मानाची समजत. आणि ती जागा होती दाजीबांची.

दाजीबा साळिंदर होते.

हसू नका. दाजीबा वयानं मोठे. मंडळ त्यांनीच काढलेलं. पहिली पपई त्यांच्याच परसातली. त्यांना मागे उभं राहा म्हणणार कोण? स्क्रममध्ये जोर लावला की दाजीबांचे काटे उभे राहत, आणि शेजारचं अस्वल "आई गं!" करून उडी मारे. मागून धुळोजी कळवळे. सगळा संघ फुटाण्यांसारखा उडे, आणि समोरचे मधून चालत जात.

सामन्यानंतर अस्वल आपल्या अंगातले काटे उपसून अदबीनं परत नेऊन द्यायचं.

"दाजीबा, हे तुमचं आमच्याकडे राहिलं होतं."

"ठेव रे, ठेव. माझ्याकडे आहेत पुष्कळ," दाजीबा मोठ्या मनानं म्हणायचे.

भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. तिनं माळवाडीकडे मुक्कामच ठोकला होता.

होता होता शेवटचा सामना उरला. गाठ पडली गव्यांशी. पलीकडच्या डोंगरातले गवे म्हणजे चालते बुलडोझर. त्यांचा कप्तान भीमण्णा. त्याला पाहून माळवाडीचे गडी आधीच आडवे पडले, म्हणजे पाडण्याचा त्रास नको.

पण गवे लांबून आले होते, दमले होते. धुळोजीला राहवलं नाही.

"भीमण्णा, आधी दोन घास खाऊन घ्या. उपाशीपोटी कसला खेळ?"

"असं म्हणता? बरं, थोडंसंच," भीमण्णा म्हणाला.

थोडंसं म्हणता म्हणता गव्यांनी पंगतच उठवली नाही. मग ते जड पोटानं मैदानात उतरले आणि उभ्या उभ्या रवंथ करू लागले. पपई जवळून गेली तरी मान वळवत नव्हते. शेवट जवळ आला तरी दोन्हीकडे भोपळाच!

"बरोबरी आहे रे, गाढवांनो!" वानरमास्तर फांदीवरून किंचाळले. "एवढं धरून ठेवा! बरोबरी झाली तरी माळ वाचला!"

आणि तेवढ्यात पंच घुबडानं स्क्रम दिला. तोही माळवाडीच्या रेषेला लागून.

दाजीबा तुरुतुरु पुढे आले आणि मानाच्या जागी उभे राहिले. धुळोजीनं पाहिलं. आता काटे उभे राहणार, आपले उडणार, गवे रवंथ करत करत रेषा ओलांडणार. माळ जाणार. पंगती जाणार.  आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं कुणाला नाही म्हणायला तोंड उघडलं.

"दाजीबा, रागावू नका. पण तुम्ही आज मागे उभे राहा. तुमचे काटे टोचतात हो."

 गव्यांचं रवंथसुद्धा थांबलं.

"माझे?" दाजीबा म्हणाले. "काटे? टोचतात?"

"जरासे," अस्वल म्हणालं. त्याच्या खांद्यात तेव्हाही दोन होते.

"इतकी वर्षं टोचत होते आणि मला आज सांगता? चार परक्यांसमोर?"

दाजीबा मागे गेले, आणि साऱ्या जगाकडे पाठ करून उभे राहिले. इकडे रेटारेटी झाली. माळवाडीचा संघ पहिल्यांदाच टिकला! पपई अस्वलाच्या हाती आली. समोरून भीमण्णा येताना दिसला. अस्वलानं डोळे मिटले आणि पपई मागे फेकली.

खच्च!

पपई दाजीबांच्या पाठीत रुतून बसली.

"वर मारताही?" दाजीबा कडाडले. "बस्स झालं. हा आमचा रामराम!"

आणि ते घरी निघाले. त्यांचं बीळ होतं गव्यांच्या रेषेपलीकडे. ते भर मैदानातून, नाकासमोर, फणफणत चालू लागले. रागानं अंगावरचा एकूण एक काटा ताठ झालेला. पहिला गवा आडवा आला आणि नाक धरून बसला. दुसऱ्यानं पहिल्याचं नाक पाहिलं आणि वाट दिली. तिसऱ्यानं तर नमस्कार केला.

रेषेपलीकडे गेल्यावर दाजीबांना पाठीत काहीतरी जड लागलं. त्यांनी जमिनीवर पाठ घासली. पपई टेकली. घुबडाला दिवसा दिसत नसे, पण ऐकू उत्तम येई. त्यानं शिट्टी फुंकली.

माळवाडी जिंकली!

काय तो जल्लोष! धुळोजी ढसाढसा रडला. भीमण्णानं त्याला मिठी मारली. वानरमास्तर प्रथमच झाडावरून उतरले, हार घालून घ्यायला. दाजीबांना घरून खांद्यावर आणलं. खांदा अस्वलाचाच होता, आणि ते एक शब्द बोललं नाही.

दुसऱ्याच दिवशी दरबारात सत्कार झाला. शाल, फेटे, फोटो. वाघमहाराज गहिवरून म्हणाले, "असा पराक्रमी संघ आणि उघड्या माळावर खेळतो? शोभत नाही आम्हाला! आम्ही त्या माळावर भव्य क्रीडासंकुल बांधणार! काम रंगरावांकडे."

रंगराव हसला. तरस तसाही हसतच असतो म्हणा. त्यानं मंगल कार्यालयाचा नकाशा काढला, वरचं नाव खोडलं आणि तिथे 'क्रीडासंकुल' लिहिलं.

"काय धुळोजी, खूश ना?" महाराजांनी विचारलं.

धुळोजीला म्हणायचं होतं, महाराज, नको. आम्हाला माळच बरा. पण खांद्यावर शाल होती, समोर वाघ होता, टाळ्या वाजत होत्या.

"आपली कृपा," तो म्हणाला.

पुढच्या हंगामाला माळाभोवती भिंत होती, भिंतीला फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. आत गवताच्या जागी गुळगुळीत फरशी. मैदान नंतर करायचं ठरलं होतं. आधी खेळाडूंच्या भोजनासाठी सभागृह झालं, आणि खेळाडू नव्हते म्हणून तिथे लग्नं लागू लागली.

रंगरावाच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण धुळोजीला आलं. नाही कसं म्हणणार? गेला. पानावर बसला तर शेजारी भीमण्णा.

"तुमचंही झालं तर," भीमण्णा हळूच म्हणाला.

"तुमचंही म्हणजे?"

"आमचा माळ केव्हाच गेला, धुळोजीराव. आम्ही एका वर्षी सगळे सामने जिंकलो. आमचे महाराज असेच खूश झाले. म्हणून तर एवढा डोंगर उतरून तुमच्याकडे यायचो. खेळायला जागा तुमचीच उरली होती."

धुळोजीचा घास हातातच राहिला.

"अरे भल्या गव्या, मग त्या दिवशी बोलला का नाहीस? सत्काराला जाऊ नका, एवढं तरी सांगायचंस!"

"कसं सांगू? तुम्ही आनंदानं रडत होता. माझं तोंडच उघडेना."

 धुळोजीला इतकं वाईट वाटलं की भर पंगतीत हंबरडा फोडावा. तेवढ्यात वाढपी जिलबीचं ताट घेऊन आला.

"वाढू का, कप्तान?"

धुळोजीला जिलबी नको होती.

"वाढा," तो म्हणाला.

तात्पर्य: बाळांनो, हरल्यावर माळ जातो, हे निदान दवंडी पिटून सांगतात. जिंकल्यावर तो शाल घालून नेतात. तेव्हा होता होईतो बरोबरी करावी. आणि चुकून जिंकलातच, तर सत्काराच्या दिवशी जुलाब लागल्याचा निरोप धाडावा. जुलाब झालेल्याला शाल घालायला अजून तरी कुणी घरी आलेलं नाही.