आमच्या कळपाचा पुढारी

कुत्र्याला वळण लावणं यात अवघड असं काहीही नाही! कुत्र्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, या घरात पुढारी कोण? त्याचं उत्तर एकदा मिळालं की काम फत्ते! आणि पुढारीपण तर माझ्या अंगातच आहे. कारखान्यात अख्खं पॅकिंग खातं मी सांभाळतो. मी नुसता खाकरलो तरी खोक्यांवरची चिकटपट्टी सरळ लागायला लागते.

हे सगळं मी बायकोला सांगत होतो, तेव्हा ती रडत होती.

कारण टिल्लू. घरी आणला तेव्हा ओंजळीत मावत होता, म्हणून टिल्लू. आता मागच्या पायांवर उभा राहिला की माझ्या खांद्यावर हात टाकतो! स्वभावाने गरीब, पण चपलांचा भारी नाद. माझ्या चपला होत्या तोवर कुणाचीच तक्रार नव्हती. "अहो, चप्पल उचला!" असं बायको रोज ओरडायची आणि मी रोज उचलायचो. पण परवा पठ्ठ्याने खालच्या मजल्यावर जाऊन मोठ्या बाईंची चप्पल पळवली! मोठ्या बाई म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली, पण आवाज काही सुटला नाही. त्या एका पायात चप्पल घालून वर आल्या.

"रविवारी येईन," त्या म्हणाल्या. "हा कुत्रा घरातल्या एका तरी माणसाचं ऐकतो, हे मला दाखवा. नाहीतर त्याची दुसरीकडे सोय करा."

त्या गेल्या आणि बायको टिल्लूच्या गळ्यात पडून रडायला लागली. मीही खाली बसून टिल्लूची मान खाजवली.

"रडू नकोस. मी आहे ना!"

"म्हणूनच रडतेय," ती म्हणाली.

मग मात्र मी इरेला पेटलो. मोबाईलवर एक टोपीवाला तज्ज्ञ शोधून काढला. त्याचं म्हणणं असं की, कळपात पुढारी आधी खातो, बाकीचे नंतर. दारातून पुढारी आधी जातो, बाकीचे मागून. आणि पिल्लू सगळं शिकतं ते कळपातल्या मोठ्यांचं बघून. मी तर चाटच पडलो! इतके दिवस हा प्राणी आपल्या सोफ्यावर झोपतोय आणि आपल्याला यातलं काहीच ठाऊक नाही? मी टिल्लूकडे नव्या नजरेने बघायला लागलो. हा जांभई देताना नेमकी माझ्याकडेच पाठ का करतो? बायको बोलायला लागली की याचे कान टवकारतात, आणि मी बोलायला लागलो की पडतात, ते का? जितकं बघावं तितकं कुतूहल वाढत होतं.

पहिला प्रयोग जेवणाचा. टिल्लूच्या देखत त्याच्या भांड्यातलं आधी आपण खाल्ल्यासारखं करायचं. पण खोटं कुत्र्याला लगेच कळतं म्हणे! म्हणून मी रीतसर गुडघ्यांवर ओणवा झालो, भांड्यात तोंड घातलं आणि मचमच आवाज काढला. टिल्लू शेजारी बसून मान वाकडी करून बघत होता. बहुधा त्यालाही माझ्याबद्दल कुतूहल वाटत असावं.

तेवढ्यात सासूबाई पाणी प्यायला आत आल्या. चार दिवस विश्रांतीला म्हणून आमच्याकडे आल्या होत्या बिचाऱ्या!

"अगं ए, इकडे ये!" त्या किंचाळल्या. "जावईबापूंना पोटभर वाढतेस ना गं?"

"मी पुढारी होतोय!" मी तोंड वर करून म्हणालो. हनुवटीला दाणे चिकटले होते.

"व्हा हो, व्हा," असं म्हणत त्या मागच्या मागे बाहेर गेल्या. तेव्हापासून जेवताना त्या मला आग्रह करकरून वाढायला लागल्या.

दुसरा प्रयोग दाराचा. पट्टा हातात घेतला, दार उघडलं, आणि टिल्लूला मागे टाकून मी तीरासारखा बाहेर सुटलो! बाहेर बायको धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन उभी होती. बादली जिन्यावरून गेली. बादलीमागून मी गेलो. टिल्लू वर दारातच उभा राहिला आणि वाकून बघत बसला.

"कोण पडलं?" खालून मोठ्या बाईंचा आवाज आला. "कुत्रा की तुम्ही?"

"मी!"

"मग ठीक आहे!"

राहता राहिली आज्ञा. "टिल्लू, बस!" हे मी जरबेने म्हणून पाहिलं, लाडाने म्हणून पाहिलं, कारखान्यातल्यासारखं खाकरून म्हणून पाहिलं. टिल्लू मन लावून ऐकायचा आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचा. तिकडे काय आहे, हे कोडं मला काही केल्या सुटेना.

आणि रविवार उजाडला! मोठ्या बाई आल्या, त्या नव्या चपला मांडीवर घेऊनच खुर्चीत बसल्या. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. बायको दारात पदर पिळत उभी होती.

"दाखवा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"टिल्लू, बस!"

टिल्लूने जांभई दिली. पाठ माझ्याकडे.

"बस म्हणतो ना! बस!"

त्याने कान खाजवला. माझ्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. आता "सोय" हा शब्द येणार, हे सगळ्यांना कळून चुकलं. बायकोला माझी दशा बघवेना.

"अहो, बसा!" ती कळवळून म्हणाली.

धप्प! मी मुकाट्याने सोफ्यावर बसलो. सवयच आहे ती! पण धप्प असा आवाज दोनदा आला. बघतो तर टिल्लू बसलेला! पाठ ताठ, कान उभे, नजर बायकोकडे!



"पुन्हा म्हणा," मोठ्या बाई म्हणाल्या. "यजमानांना म्हणता तसंच काहीतरी."

"अहो... उठा?"

आम्ही दोघेही उठलो.

"अहो, मागे सरका!"

आम्ही दोघेही मागे सरकलो. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! आमच्या घरात "बस" असं कुणी कुणाला म्हणतच नाही. जो काही हुकूम सुटतो तो "अहो"ने सुरू होतो, आणि तो झेलणारा एकटा मी! टिल्लू ओंजळीएवढा होता तेव्हापासून हेच बघत आलाय. कळपातल्या मोठ्याचं बघून शिकला तो! बिचारा इतके दिवस आज्ञेची वाट बघत होता, पण त्याच्याशी नीट मानाने कुणी बोललंच नव्हतं.

बायकोच्या अंगात आता वारं शिरलं. "अहो, चप्पल उचला!"

मी धावलो, टिल्लूही धावला. मी दाराजवळची माझी चप्पल उचलून आणली. टिल्लू सोफ्याखाली शिरला आणि मोठ्या बाईंची हरवलेली चप्पल आणून त्याने बायकोच्या पायाशी ठेवली. थोडी ओली होती, एवढंच.

मोठ्या बाईंनी आधी चपलेकडे पाहिलं, मग टिल्लूकडे, मग माझ्याकडे. मी अजून चप्पल हातात धरून उभा होतो.

"राहू दे कुत्रा," त्या बायकोला म्हणाल्या. "दोघांनाही छान वळण लावलंय तुम्ही!"

बायको पुन्हा टिल्लूच्या गळ्यात पडून रडली. यावेळी मीही रडलो, आनंदाने! मग तिने शाबासकीची थाप दिली. आधी टिल्लूला, मग मला.

तेव्हा मंडळी, कळपाचा पुढारी कोण, हे आता पक्कं ठरलंय आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा नंबर निदान दुसरा तरी आहे, अशी मी मनाची समजूत घातली होती. आत्ता हे सांगत असतानाच आतून हाक आली, "अहो!" आम्ही दोघेही ताडकन उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारात एकदमच पोचलो. दार अरुंद आहे. टिल्लूने माझ्याकडे पाहिलं.

मी बाजूला झालो.