बोटभर पट्टी

पाळकांनी रविवारी चर्चमध्ये न्यायावर उपदेश केला आणि मंगळवारपासून मामांच्या कापडाच्या दुकानात कात्रीला उसंत राहिली नाही.

उपदेश तसा साधाच होता. व्यासपीठाची पायरी चढताना पाळक नेहमीप्रमाणे स्वतःच्याच काळ्या झग्यात अडखळले, सावरले आणि म्हणाले, "न्याय फक्त कोर्टात मिळतो असं समजू नका. देवाला तो तुमच्या घरात, दुकानात, तुमच्या हातातल्या मापात हवा आहे." मापात म्हणताना त्यांची नजर सहज मामांवर गेली. मंडळीचे पंच म्हणून मामा पहिल्या बाकावर बसत. त्यांनी मान आणखी ताठ केली. दुकानातली पितळी टोकांची मीटरपट्टी त्यांच्या वडिलांची होती. तिच्यावर कापड मोजताना बापलेकांपैकी कुणीही कधी अंगठा आत सरकवला नव्हता. मामांना या गोष्टीचा अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

सोमवारी मामी घरी पडदे बेतायला बसल्या. मामी शिवणकाम करत, आणि आपली टेप त्या जिवापाड जपत.

"अहो, तीन मीटर म्हणून आणलंत ना कापड?"

"तीन म्हणजे तीनच."

"मग हे तीन बोटं कमी कसं?"

मामा हसले. मग त्यांनी स्वतः मोजलं आणि हसायचे थांबले. दुकानातून मीटरपट्टी आणून टेपशेजारी ठेवली. पट्टी सरळ सरळ बोटभर आखूड. मामांनी पितळी टोकावरून हात फिरवला. वर्षानुवर्षं ठाणावर आपटून आपटून झिजली असणार. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मंगळवारी त्यांनी दुकान उघडलं, मीटरपट्टी कोपऱ्यात उभी केली आणि मामींची टेप गळ्यात अडकवली. येणाऱ्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला ते मीटरमागे एक बोट या हिशेबाने त्याच्या कापडाची पट्टी कापून देऊ लागले. दुपारी डबा घेऊन आलेल्या मामींनी कपाळाला हात लावला.

"अहो, बोटभर पट्टीचं लोक करणार काय?"

"ते त्यांनी ठरवायचं. त्यांचं आहे ते."

लोकांनी ठरवलं. पोस्टमनने पॅन्टच्या कापडाची पट्टी पिशवीच्या बंदाला बांधली. डॉक्टरीणबाईंनी आपली नाकारली, कारण फुलं त्यांच्या साडेतीन मीटरमधल्या फुलांशी जुळत नव्हती. जुळणारं ठाण संपलं होतं म्हणून मामांनी नवीन मागवलं, सबंध, साडेतीन बोटांसाठी. शाळेच्या बाईंनी सगळ्या वर्गाच्या गणवेशाचा विषय काढला. आणि शेवटी एक म्हातारबाई काठी टेकत आल्या.

"माझ्या लग्नाचा झगा तुझ्या बापाने मोजला होता. माझी पट्टी?"

"आजी, तेव्हा ही मीटरपट्टी झिजलेली नसेल."

"हे तू कशावरून सांगतोस?"

इतके दिवस स्वतःचं नाव खराब झालं तर झालं, असं मामांनी मनाला समजावलं होतं. आता प्रश्न बाबांच्या नावाचा होता. ते उठले, मीटरपट्टी बगलेत मारली आणि थेट वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षकाच्या कचेरीत गेले.

"साहेब, माझं माप खोटं आहे. जप्त करा. फक्त कधीपासून खोटं आहे तेवढं सांगा."

निरीक्षकाने चष्मा काढून पुसला. दुकानदार त्याला पाहून मागच्या दाराने पळतात हे त्याला ठाऊक होतं. पुढच्या दाराने आत येणारा हा पहिलाच. हा कसला डाव आहे ते पाहायला तो पोलादी माप घेऊन दुकानात आला. मामी, म्हातारबाई आणि वाटेत भेटलेले पाळक असे सगळे भोवती उभे राहिले. मामांच्या कपाळावर घाम होता.

"पट्टी बरोबर आहे," निरीक्षक म्हणाला.

"नीट बघा साहेब."

"केसाचाही फरक नाही. गळ्यात काय आहे तुमच्या?"

टेप मोजली गेली. मीटरमागे बोटभर जास्त. निरीक्षकाने ती उलटसुलट केली. "ही कुणी धुतली का?"

"म्हणजे काय, दर महिन्याला," मामी अभिमानाने म्हणाल्या. "साबणात भिजवते, पिळते आणि सुरकुती राहू नये म्हणून खाली इस्त्री लटकवून वाळत घालते."

पाळकांनी हळूच स्वतःच्या झग्याकडे पाहिलं. शिवला मामींनीच होता. पाळकीणबाईंनी माप आपल्या घरच्या टेपने घेऊन कळवलं होतं. झगा जमिनीवर लोळत होता.

मामांनी मीटरपट्टी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली. "आजी," ते म्हणाले, "बाबांनी बरोबर मोजलं होतं."

"मला माहीत आहे रे," म्हातारबाई म्हणाल्या. "तुला माहीत आहे का ते बघत होते."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं पट्ट्या परत घेऊन आली. आमच्या नाहीत तर आम्ही कशाला ठेवू, हे सगळ्यांचं म्हणणं. पोस्टमनने तर बंदाची गाठ सोडवून, इस्त्री करून आणली. ढिगाकडे पाहताना मामांची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं.

मामी मात्र घरी झगा आखूड करत बसल्या होत्या. न्यायला आलेल्या पाळकांच्या हातात त्यांनी झगा ठेवला आणि त्यावर, मान खाली घालून, दीड बोटाची एक पट्टी.

"हे काय?"

"कापड तुमचं होतं."

पुढच्या रविवारी पाळक न अडखळता पायरी चढले. त्यांनी पवित्र शास्त्र उघडलं तेव्हा खुणेची काळी पट्टी खाली लोंबत होती. मामांनी मामींना कोपराने ढोसलं आणि पट्टी दाखवली.

उपदेश क्षमेवर होता.