आजचा विषय भूकंप

संकटांचा मुख्य दोष हा, की ती वेळापत्रक पाळत नाहीत. हा दोष दूर करण्यासाठी अकरा वर्षांपूर्वी आमच्या गावात 'हौशी बिनतारी आपत्ती सज्जता मंडळ' स्थापन झालं. उद्या वीज गेली, फोन बंद पडले, तर गावाचा आवाज आमच्या रेडिओसंचांवरून जावा, हा मंडळाचा उद्देश. सभासद सात. सगळे सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवलेले, सगळे बिनपगारी, आणि सगळे घरी आपलं कोणी ऐकत नाही म्हणून आलेले (हे शेवटचं मंडळाच्या घटनेत नाही, माझं निरीक्षण आहे).

अध्यक्ष गावातले दंतवैद्य. समोरच्याच्या तोंडात हात घालून त्याला प्रश्न विचारायची तीस वर्षांची सवय असल्यामुळे उत्तराशिवाय पुढे जाणं त्यांना सहज जमतं, आणि अध्यक्षाला याहून जास्त काही लागत नाही. नियंत्रण कक्ष त्यांच्याच दवाखान्याच्या वरच्या खोलीत. खिडकीतून नदी स्वच्छ दिसते. म्हणूनच खिडकीला काळा कागद चिकटवला आहे. नाहीतर सभासद रेडिओवर विश्वास ठेवायचं सोडून बाहेर बघत बसतात. मी मंडळाचा नोंदणीस, म्हणजे नोंदवही लिहिणारा. माझं अक्षर चांगलं आहे, एवढीच माझी पात्रता.

मंडळाची कामगिरी आकड्यांत सांगतो. दरमहा एक याप्रमाणे अकरा वर्षांत एकशे एकतीस सराव झाले (एक सराव वादळामुळे रद्द करावा लागला). या सरावांत एक हजार नऊशे सहा काल्पनिक नागरिकांचे प्राण वाचले. तिसऱ्या वर्षी बॅटरी उतरल्यामुळे चार काल्पनिक नागरिक दगावले. त्यांच्यासाठी वर्धापनदिनी आम्ही दोन मिनिटं उभे राहतो. अध्यक्षांचा गळा दर वर्षी भरून येतो, आणि तो खरा भरून येतो, हे मी जवळून पाहिलंय.

एवढं यश नियमांशिवाय मिळत नाही. प्रत्येक संदेश 'सराव' या शब्दाने सुरू करायचा आणि 'ओव्हर' या शब्दाने संपवायचा, म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. मधे जास्तीत जास्त पंचवीस शब्द. शिवाय नियम क्रमांक एकोणीस. त्याचा इतिहास असा: तीन वर्षांपूर्वी एका सरावात जिवंतपणा यावा म्हणून अध्यक्षांनी 'हा सराव नाही' असं वाक्य घातलं. आमच्यातला वायरमन भाबडा निघाला. तो दोरखंड घेऊन धावला आणि वाटेत अग्निशमन केंद्राची गाडीही घेऊन आला. केंद्राच्या अधिकाऱ्याने अध्यक्षांना एका पेशंटसमोर सुनावलं. त्यानंतर नियम आला: 'हा सराव नाही' हे वाक्य सरावाचाच भाग समजावा.

सात नंबरच्या सभासद शिंपीणबाई. त्या नदीपलीकडे राहतात, वृद्धाश्रमाला लागून त्यांचं दुकान. आश्रमातल्या म्हाताऱ्यांचे कपडे उसवले की त्याच शिवतात, बटणं गेली की त्याच लावतात. रेडिओ त्यांनी शिलाई मशीनशेजारी ठेवलेला असतो. नियम पाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या मंगळवारी सकाळी दहाला मासिक सराव सुरू झाला. विषय: भूकंप. ऊन चांगलं पडलं होतं. वरच्या अंगाला, आमच्यापासून बऱ्याच लांब, धरणातून पाणी सोडलं होतं, आणि पलीकडच्या काठावरचा मोबाइलचा टॉवर साडेनऊलाच बंद पडला होता. हे आम्हाला नंतर कळलं. वायरमनने चार घरं पाडली, कापडदुकानदाराने सहा जखमी नोंदवले, सगळं शिस्तीत चाललं होतं. दहा वाजून अकरा मिनिटांनी सात नंबर बोलल्या.

"नियंत्रण, मी सात नंबर. पाणी आश्रमाच्या दारात आलंय. फोन लागत नाहीत. हा सराव नाही."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "आवाजात भीती छान आणलीय," ते मला म्हणाले. मग बटण दाबून: "सात नंबर, संदेश 'सराव'ने सुरू करा. शिवाय आजचा विषय भूकंप आहे. पूर पुढच्या महिन्यात आहे. ओव्हर."

"डॉक्टर, सराव कसला. आत एकतीस माणसं आहेत. नऊ जणांना उठता येत नाही. मी एकटी आणि एक आचारी."

"एकतीस, आकडे तीन, एक. बरोबर का? ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर आली. मग त्यांचा आवाज, पण आमच्याशी नव्हे, खोलीतल्या कोणाशी तरी: "आजोबा, पाय वर घ्या. घ्या वर. मी आहे." आणि पुन्हा आम्हाला, "पाणी पलंगाला लागलं हो."

अध्यक्षांनी मला 'अभिनय: दहापैकी नऊ' लिहायला सांगितलं. मी लिहिलं. ते नऊ मी फार सुबक काढले होते, आज वही उघडली की आधी तेच दिसतात.

एवढ्यात वहिनी वर आल्या. वहिनी म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी, खाली पेशंटांचे नंबर लावतात. दाढदुखीचा एक गृहस्थ अर्धा तास बसलाय, एवढंच सांगायला त्या आल्या होत्या. दारातच थांबल्या.

"अहो, ती ओव्हर म्हणत नाहीये."

"त्याचेच गुण कापणार आहे," अध्यक्ष म्हणाले.

"अकरा वर्षं ती बाई शिंकली तरी ओव्हर म्हणते. माझ्याशी फोनवर बोलतानासुद्धा म्हणते." वहिनींनी त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. घेतला म्हणजे, दुखरी दाढ निघते तसा निघाला. "बोल गं. मी आहे. किती वेळ आहे?"

"वहिनी," पलीकडून आवाज आला, आणि मग दोनतीन श्वास. "अर्धा तास. नसेलही. गच्चीचा जिना अरुंद आहे, उचलून नेता येत नाही."

"चालता येतं त्यांना आधी वर पाठव. नऊ जणांना टेबलांवर बसव. माणसं घेऊन येते."

त्या जिना उतरल्या. अग्निशमन केंद्र दोन गल्ल्या पलीकडे आहे, रबरी होडी तिथेच असते. दाढदुखीचे गृहस्थ गालाला रुमाल बांधून त्यांच्यामागे धावले, होडी उचलायला एक माणूस कमी पडेल म्हणून. वर कक्षात अध्यक्ष म्हणाले, "परवाना नसलेल्या व्यक्तीने प्रक्षेपण केलं." मी वेळ टाकली: दहा वाजून सोळा मिनिटे. मग मी उठलो आणि खिडकीवरचा कागद एका कोपऱ्यातून सोलला. नदी नेहमीच्या जागी नव्हती. ती आश्रमाच्या खिडक्यांपाशी होती.

अध्यक्षांनीही पाहिलं. मंडळाच्या इतिहासात त्यांनी खिडकीतून बाहेर बघण्याची ही पहिलीच वेळ.

रबरी होडीच्या सात खेपा झाल्या. एकतीसच्या एकतीस माणसं आणि आचारी बाहेर आले. शिंपीणबाई शेवटच्या खेपेला आल्या, छातीपर्यंत भिजलेल्या. एका आजोबांची कवळी वाहून गेली. ती अध्यक्षांनी चार दिवसांत नवीन बसवून दिली, आणि बचावकार्यातलं मंडळाचं प्रत्यक्ष योगदान ते तेवढंच.

पुढच्या रविवारी चौकशी समिती बसली (अध्यक्ष, नोंदणीस आणि एक रिकामी खुर्ची). निष्कर्ष असे. यंत्रणा निर्दोष आढळली, कारण संदेश स्पष्ट ऐकू आला. वहिनींनी विनापरवाना चाळीस सेकंद प्रक्षेपण केलं आणि अधिकृत केंद्राला 'गं' म्हटलं, याबद्दल लेखी समज द्यावी. सात नंबरनी भूकंपाच्या दिवशी पूर आणला, याबद्दल खुलासा मागवावा. यापुढे 'हा सराव नाही, यावर विश्वास ठेवण्याचा सराव' वर्षातून दोनदा घ्यावा.

शिंपीणबाई खुलासा द्यायला आल्या. कागद आणला नव्हता. संच टेबलावर ठेवला, वायर नीट गुंडाळून.

"डॉक्टर, नियमांचा मला राग नाही," त्या म्हणाल्या. "टेबलं पाण्यावर हलत होती, तेव्हा मला वाटत होतं, तिकडे आपली माणसं आहेत, आपला आवाज ओळखतील. तेवढंच वाईट वाटलं."

अध्यक्ष चष्मा पुसत राहिले. बाई गेल्या. त्यांचं बोलणं नोंदवहीत नाही. खुलाशाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता.

त्यानंतर मी एकदा वहिनींना विचारलं, की तुम्हाला कळलं कसं. परीक्षा नाही, परवाना नाही, वारंवारिता म्हणजे काय ते माहीत नाही. त्या दाताच्या साच्यांवरची धूळ पुसत होत्या. "ती बोलत होती," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं."

हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या अपुरं आहे. तरी सात नंबरची जागा आता रिकामी आहे आणि मंडळाला ती भरायची आहे, म्हणून हे सविस्तर निवेदन. वाचक म्हणून आपण अत्यंत योग्य उमेदवार आहात. इथवर आपण एकाग्रतेने आलात, अध्यक्षांना मनातल्या मनात हसलात, मलाही दोन शब्द सुनावले असतील. दरम्यान आतल्या खोलीतून कोणीतरी आपल्याला काहीतरी सांगितलं, आणि आपण मान वर न करता 'हं' म्हणालात.

काय सांगितलं, ते अर्जात लिहा. पंचवीस शब्द पुरतील.