गेंदाबाईचं भूत आणि शामराव

शामराव निगुडकरांच्या गोष्टीतलं भूत कधीही पुढच्या दारानं येत नाही. सरदाराला घाबरवायला निघालेलं हे भूत मागच्या अंगणातून येतं, चपला बाहेर काढतं आणि आत बोलावण्याची वाट पाहत उभं राहतं.

"पण शामराव, भुताला भिंतीतून येता येतं," मी एकदा म्हणालो.

"येता येतं, मगर आलं नाही पाहिजे. मोलकरणीचं भूत आहे, भिया. काही कायदा आहे की नाही?" शामराव सगळ्यांनाच 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणत.

संस्थानी काळात शामराव एका सरदारांच्या कचेरीत कारकून होते. संस्थानं जाऊन मध्यभारत राज्य झाल्यावर आमच्या सरकारी रेकॉर्डखान्यात, माझ्या शेजारच्या टेबलावर आले. राजे गेले, पण शामरावांचा मुजरा जागच्या जागी राहिला. नवे मंत्री जिन्यात भेटले तरी ते वाकून तीन पावलं मागे सरकत. मागे पायऱ्या आहेत हे त्यांना दर वेळी पडल्यावरच कळे.

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते आम्हाला गोष्टी वाचून दाखवत. गोष्टी बारा, भूत एकच. चांदीची अत्तरदाणी चोरल्याच्या आळावरून तुरुंगात गेलेली आणि तिथंच मेलेली गेंदाबाई. ती येते आणि सरदारापुढं फेरतपासणीचा अर्ज ठेवते. अर्जाला रीतसर कोर्टाचं तिकीट लावलेलं असतं. सरदार थरथर कापत तिला पुढची तारीख देतो आणि त्या तारखेला ती पुन्हा हजर होते. आम्हाला भीती वाटत नसे, पण शामरावांचा चेहरा पाहून जांभई द्यायचीही हिंमत होत नसे.

अशात शहरातल्या एका मासिकानं त्यांची गोष्ट घेतली. आयुष्यात पहिल्यांदा नाव छापून येणार म्हणून शामरावांनी ऑफिसभर पेढे वाटले. संपादकांची एकच अट होती. मोलकरणीला कोण घाबरतो? तिची राणी करा.

"करून टाका की," मी म्हणालो. "लुगडं तेवढं भारी लिहायचं."

आठ दिवस ते लिहीत होते आणि खोडत होते. नवव्या दिवशी त्यांनी गोष्ट परत मागवणारं पत्र माझ्यासमोर पाकिटात घातलं. मी चिडलोच.

"जन्मभर वाट पाहिलीत, आणि एका मनातल्या मोलकरणीपायी हे घालवताय?"

"मनातली नाही. होती ती," शामराव म्हणाले. "फिर्याद सरदारसाहेबांची, निवाडाही त्यांचाच. सजा आधी सुनावली, जबानी मागून मी लिहिली. अक्षर चांगलं होतं ना माझं. ती हात जोडून माझ्याकडेच बघत होती. पुढे अत्तरदाणी साहेबांच्या जावयाकडे दिसली. मी पाहिली, भिया, आणि चूप बसलो. ती जेलमध्येच खतम झाली. आता गोष्टीतूनही तिला काढून टाकू?"

या माणसाच्या मुजऱ्याची नक्कल करून मी वर्षभर लोकांना हसवलं होतं, त्याची लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्हाला तिची भीती नाही वाटत?"

शामरावांनी पाकिटाला डिंक लावला आणि ते अंगठ्यानं दाबून धरलं.

"माफी मागायची आहे तिची. वीस वर्षं वाट पाहतोय," ते म्हणाले. "एकदाही आली नाही."