बेसमेंटमधली साधना

"बुवा म्हणत होते, आज चारला तेही तुमच्याबरोबर साधनेला बसतील," नीलाने चहा गाळता गाळता सांगितलं, आणि गिरीश करंबेळकरच्या हातातलं बिस्किट निम्मं तुटून कपात बुडालं.

"आज? आज कीर्तन आहे!"

"ते सहाला. शनिवार चुकवायचा नाही, हा तुमचाच नियम ना?"

नियम त्याचाच होता. दर शनिवारी चार वाजता डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये जायचं, दार आतून लावायचं आणि पाचला प्रसन्न चेहऱ्याने वर यायचं. पहिल्या वर्षी नीलाने जिन्यावरून विचारलं होतं, "काय करताय हो खाली?" तेव्हा गडबडून त्याच्या तोंडून निघालं होतं, "साधना!" एका शब्दाचं काम होतं, पण तो शब्द मंडळाच्या अध्यक्षा सुहासिनीकाकूंपर्यंत गेला. एकदा त्या नीलाशी फोनवर बोलत असताना खालून घंटा ऐकू आली, धाप लागल्यासारखे हुंकारही ऐकू आले. मग काय! डेट्रॉइटच्या आसपासच्या अख्ख्या मराठी वस्तीत पसरलं की करंबेळकरांचा गिरीश फार पुढे गेलाय.

तो कुठेही गेला नव्हता. तो सोफ्यावर बसून टीव्हीवर कुस्त्या बघायचा. आखाड्याच्या मातीतल्या नव्हेत; अमेरिकन, चकचकीत चड्ड्या घातलेल्या, खुर्च्या डोक्यात घालणाऱ्या. घंटा रिंगमधली होती आणि हुंकार टेनेसी टॉम नावाच्या एका लालबुंद पहिलवानाचे होते.

हे सांगणार कुणाला? मंडळात नवीन माणूस आला की उभं राहून परिचय द्यायची पद्धत होती. नाव, मूळ गाव, कुठे नोकरी, आवडीनिवडी. सगळे म्हणायचे, शास्त्रीय संगीत आणि जुने चित्रपट. गिरीशनेही तेच म्हटलं होतं. जुने कृष्णधवल चित्रपट तो खरोखर बघायचा, शेवटाच्या आधी झोप लागायची इतकंच. कुस्तीत मात्र कधी डोळा लागला नाही.

आणि त्या साधनेच्या कीर्तीपायीच तर पुरुषोत्तमबुवा त्यांच्याकडे उतरले होते. वाईचे वृद्ध कीर्तनकार, पहिल्यांदाच अमेरिकेत आलेले. इतरांकडे मोठी घरं होती, पण काकूंनी निकाल दिला होता, "बुवांना सात्त्विक घर हवं." तेव्हापासून नीला मान जरा उंच करून चालत होती. ती मान खाली जायला नको, एवढीच गिरीशची आता विठ्ठलाजवळ मागणी होती.

"माझं पोट बिघडलंय," त्याने एक वाट चाचपून पाहिली.

"मग साधनेने बरं वाटेल," नीला म्हणाली.

दुपारी सुहासिनीकाकू सजावटीला आल्या. कीर्तन बेसमेंटमध्येच होणार होतं. त्यांनी चौफेर नजर फिरवली आणि लाकडी कपाटासारख्या, जमिनीवर ठाण मांडलेल्या त्या अवजड टीव्हीपाशी थांबल्या.

"हे छान आहे रे! याच्यावरच देव मांडू."

"काकू, तो टीव्ही आहे."

"अरे, पैठणी टाकली की कुणाला दिसतोय? तू कुठे बघतोस म्हणा!"

गिरीशला हायसं वाटलं. पाहता पाहता टीव्ही पैठणीआड गेला. वर विठ्ठलाची तसबीर, समई, फुलांची परडी. चार शेजाऱ्यांनी मिळून उचलल्याशिवाय हलणार नाही असा पक्का बंदोबस्त झाला. देवाने लाज राखली, असं त्याने मनात म्हटलंही.

चारला थोडा अवकाश असताना बुवा खाली आले. धोतर, उपरणं, पायांत नीलाने दिलेले गिरीशचे लोकरी मोजे. सतरंजीवर मांडी घालून म्हणाले, "गिरीशराव, तुमच्या पद्धतीनं चालू द्या. मी नुसता सोबतीला."

पद्धत म्हणजे काय, हे गिरीशला ठाऊक असतं तर! त्याने डोळे मिटले. खोली शांत झाली. इतकी शांत ती शनिवारी कधीच नसायची. आणि त्या शांततेत त्याला एक बारीक आवाज ऐकू आला.

कुर्र्र. कुर्र्र.

टायमर!

गिरीश मोटारींचे ब्रेक डिझाइन करायचा. घरातल्या गोष्टीही त्याला आपोआप चालायला हव्या असत. जुना टीव्ही तापायला वेळ घेई, सुरुवातीची कुस्ती बुडे. म्हणून ख्रिसमसच्या दिव्यांना लावतात तसला, वार आणि वेळ लावली की आपोआप वीज सुरू करणारा टायमर त्याने टीव्हीला जोडून ठेवला होता. टीव्हीचं बटण सदाचं चालूच. शनिवारी चारच्या आत टीव्ही आपणहून जागा होई. आपोआप होणारी गोष्ट माणूस विसरतो, तशी तो हीही विसरला होता. आणि आता तो टायमर टीव्हीच्या मागे, पैठणीच्या आड, विठ्ठलाच्या पायांखाली फिरत होता.

तो हळूच उठू लागला.

"बसा," बुवा डोळे न उघडता म्हणाले. "मन पळतंय. पळू द्यायचं नाही."

"बुवा, जरा समईची वात..."

"वात नीट आहे. बसा."

तो बसला. विठ्ठला, वीज घालव. अख्ख्या मिशिगनची घालव.

खट्.

काही क्षण काहीच झालं नाही. मग पैठणीच्या मोरांमागून निळसर उजेड उमलला, वाढला आणि तसबिरीभोवती फाकला. पाठोपाठ हजारो माणसांचा गजर उठला आणि टण टण टण घंटा झाली.

बुवांनी एक डोळा उघडला. "गिरीशराव," ते पुटपुटले, "हे रोजचं आहे?"

गिरीश धावला. म्हणजे निघाला, पण मांडी घालून त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तो थेट टीव्हीवर कोसळला. एका हाताने त्याने तसबीर धरली, दुसऱ्याने समई, आणि पैठणी धरायला तिसरा हात नव्हता. ती सरसर खाली आली. पडद्यावर टेनेसी टॉम उताणा पडला होता आणि बॅरन ब्रूट नावाचा दुष्ट पहिलवान त्याच्या छातीवर घडीची खुर्ची आपटत होता.

जिन्याच्या दारापलीकडून सुहासिनीकाकूंचा दबका आवाज आला, "ऐकलंस, नीला? काय तल्लीन झालेत दोघं!" त्याच क्षणी स्वयंपाकघरातला टेप मोठा झाला आणि जुनं नाट्यपद घरभर घुमू लागलं.

गिरीश विठ्ठल आणि समई घेऊन उभा होता. "बुवा, मी खोटारडा आहे. साधना वगैरे काही नाही. हेच बघतो. वर सांगू नका, नीलाला तोंड दाखवता येणार नाही."

बुवा पडद्याकडेच पाहत होते. "हा पडलेला कोण?"

"टॉम. चांगला आहे तो."

"आणि ही मारामारी खरी?"

"नाही हो," गिरीशची मान आणखी खाली गेली. "सगळं आधी ठरलेलं असतं. कोण जिंकणार तेसुद्धा."

"मग बघता कशाला?"

"ऑफिसात कधी कोणाला काढतील नेम नाही. आठवडाभर मान खाली घालून बसतो. हा दर शनिवारी मार खातो, लोक हाका मारतात आणि हा उठतो. उठणार हे माहीत असतं. तरी उठला की बरं वाटतं."

बुवांनी त्याच्या हातातली समई काढून घेतली, जपून बाजूला ठेवली आणि शेजारची सतरंजी थोपटली.

"बसा. अहो, जन्मभर आख्यानं लावतोय मी. देव भक्तासाठी धावणार, हे समोरच्या लेकराला पण ठाऊक असतं. तरी धावेपर्यंत लोकांच्या डोळ्यांना धार. शेवट माहीत आहे म्हणून कीर्तनातून आजवर कोणी उठून गेलं नाही." मग एकदम पुढे झुकून, "अरे, खुर्ची कसली घेतो पुन्हा! ऊठ रे बाबा, ऊठ!"

पाचच्या सुमारास टॉम पुन्हा पडला; तो उठणार, तेवढ्यात कार्यक्रमाची वेळ संपली. उरलेली कुस्ती पुढच्या शनिवारी.

"हे मात्र आमच्यात चालत नाही," बुवा हळहळले.

संध्याकाळी कीर्तन असं रंगलं की लोक अजून सांगतात. पूर्वरंगात नामाचा महिमा झाला, बुवांना हार झाला, बुक्का लागला. गिरीश झांजा वाजवत धसका घेऊन होता, आता सांगतील, मग सांगतील. उत्तररंगाला बुवांनी मथुरेच्या आखाड्यातलं मल्लयुद्ध लावलं. कोवळा कृष्ण, समोर डोंगराएवढा मल्ल. बुवांनी उपरणं कमरेला कसलं, मंडळाची घडीची खुर्ची उचलली आणि असे काही डाव दाखवले की पेटीवाल्याचा सूर सुटला. अमेरिकेत जन्मलेली मुलं कधी नव्हे ती पुढे सरकून बसली. "गेट अप! गेट अप!" ती ओरडली, आणि बुवांनी तोच ठेका धरून विठ्ठलनामाचा गजर उचलला. गिरीशच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भीतीचं किती, भक्तीचं किती, त्यालाच कळेना.

शेवटी बुवा म्हणाले, "आजचं आख्यान मला दुपारी गिरीशरावांच्या साधनेत सुचलं." एवढंच. पुढे एक अक्षर नाही.

तो सुटला. पण लगेच सुहासिनीकाकू उभ्या राहिल्या. "असं बसल्या जागी स्फुरत असेल, तर आपण सगळ्यांनीच दर शनिवारी इथे का बसू नये?"

टाळ्या पडल्या. पुढच्या शनिवारी चारला बेसमेंटमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. टायमर गिरीशने सकाळीच उपटून ठेवला होता. मंडळी डोळे मिटून बसली आणि मधोमध गिरीश, आयुष्यात पहिल्यांदाच, खरोखर नाम घेत बसला. दर दुसऱ्या नामाला टॉम आठवत होता.

मंडळी पांगली तोच फोन वाजला. शिकागोहून बुवा.

"गिरीशराव, इथे ज्यांच्याकडे उतरलोय ते फार सात्त्विक आहेत हो. टीव्हीच नाही! मग? उठला का आपला?"

"बुवा, मला काही कल्पना नाही," गिरीशचा आवाज रडकुंडीला आला. "मी साधनेत होतो."

ओट्यापाशी कोथिंबीर चिरणाऱ्या नीलाने मान वर केली नाही.

"सांगा त्यांना, उठला. ब्रूटचीच खुर्ची हिसकावली त्याने."

गिरीशच्या हातातला रिसीव्हर खाली आला. "तुला कसं माहीत?"

"वर बेडरूममधल्या टीव्हीवर बघितलं, कोणीतरी बघायला नको का? अहो, गरम हवा येते ना, त्या हीटिंगच्या जाळीतून सगळं वर ऐकू येतं. इतकी वर्षं टेप कशासाठी मोठा करत होते मी? नाट्यसंगीत मला कधी आवडलंय?"