डोळे बांधलेलं कासव

जिन्याच्या वळणावर कासव अडकलं. पुढे जाईना, मागे येईना.

"बाबा, तिरकं करा, तिरकं!" वरून लेक ओरडली.

"तिरकंच आहे गं. जिना सरळ आहे, ही खरी अडचण आहे," गुरुजी खालून म्हणाले. त्यांच्या छातीवर कासवाचे दोन्ही पाय टेकले होते.

हे कासव म्हणजे तळ्यातलं नव्हे. शहराबाहेरच्या करमणुकीच्या बागेत 'कासवाची नाव' नावाचा एक जुना खेळ होता, त्यातलं ते. माणसाएवढं उंच, मागच्या पायांवर उभं, पाठीवर कवच आणि वर उचललेल्या हातात कंदील. मुलं छोट्या होडीत बसून अंधाऱ्या गुहेतून संथपणे पुढे सरकायची आणि शेवटच्या वळणावर हे कासव भेटायचं. ते उडी मारायचं नाही, गर्जना करायचं नाही. कंदील पेटायचा, कासव मुलांकडे बघत अगदी सावकाश डोळे मिटायचं आणि तितक्याच सावकाश उघडायचं. झाला खेळ.

गुरुजी दरवर्षी आपला वर्ग तिथे न्यायचे आणि बाहेर आल्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "काय म्हणालं कासव?" कासव काहीच बोलत नसल्यामुळे कुणाचंच उत्तर चुकायचं नाही. गणितात कायम मार खाणारी मुलंसुद्धा त्या दिवशी पहिला हात वर करायची.

कासव घडवलं होतं गुरुजींच्या बायकोनं. ती बागेच्या कारखान्यात रंगकाम करायची. बाई मुलखाची संथ. एखादं वाक्य तिनं सकाळच्या चहाला सुरू केलं, तर ते पुरं होईपर्यंत कप विसळून पालथे पडलेले असायचे. 'कासव तिनं आरशात बघून केलंय' असं गुरुजी सगळ्यांना हसत सांगायचे. गेल्या वर्षी ती गेली. त्यानंतर घरातलं हसणं जरा कमी झालं, आणि आता कासवही निघालं होतं.

कारण बागेत उल्कावीर येणार होता. सिनेमातला. सातवा भाग नुकताच लागला होता आणि सिनेमावाल्या कंपनीनं बागेशी करार केला होता. गुहा तीच, पण आत होडीऐवजी सुसाट पळणाऱ्या गाड्या.

"मुलांना आता कासव नको असतं, गुरुजी," व्यवस्थापक म्हणाले होते.

"पण नव्या खेळात गोष्ट काय आहे?"

"गोष्ट सिनेमात आहे ना. इथे फक्त वेग." मग गुरुजींचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "कासव भंगारात जाणार आहे. तुम्हाला हवं तर घेऊन जा. फक्त आजच न्या. संध्याकाळी उद्घाटन आहे."

म्हणून लेकीनं आपल्या छापखान्याचा टेम्पो काढला होता. गोदामात अंधार होता आणि दाराशीच गोणपाटात गुंडाळलेली एक मूर्ती उभी होती. एक हात वर, पाठीला मोठा फुगवटा. गोणपाटाच्या फटीतून फुलाफुलांच्या कापडाची एक पट्टी बाहेर लोंबत होती. ती बघून गुरुजी जागच्या जागी थांबले. ती त्यांच्याच घरातली जुनी चादर होती.

बायकोची शिस्तच होती तशी. डोळे रंगवून झाले की आधी त्यांच्यावर कापड बांधायचं, मग बाकीचं गुंडाळायचं. आणि समोर बघणारे येऊन बसल्याशिवाय ते सोडायचं नाही. 'पहिल्यांदा डोळे उघडले आणि समोर कुणीच नसलं, तर कसं वाटेल त्याला?' असं ती म्हणायची. कारखान्यातले लोक आधी हसले होते. पुढे सवय झाली.

"बाबा, एकदा उघडून बघू या का?" लेकीनं गोदामात विचारलं होतं.

"माझ्या घरची चादर मी ओळखणार नाही होय? आणि इथे नाही उघडायचं. घरी सगळे बसले की मग."

आता ते घर वीस पायऱ्यांवर होतं आणि कासव हलायला तयार नव्हतं.

इतक्यात वरून दातांचे डॉक्टर खाली यायला निघाले. हे गुरुजींचे जुने विद्यार्थी. खालून भाजीची पिशवी घेऊन वरच्या मजल्यावरच्या मावशी वर येत होत्या. दोघांचीही वाट बंद.

"मेलं काय आहे हे? कपाट?" मावशींनी विचारलं.

"कासव आहे, मावशी. बागेतलं."

"कंदीलवालं?" मावशींनी पिशवी तिथेच पायरीवर ठेवली. "अगं बाई! ते मला बोललं होतं. लग्नाआधीची गोष्ट. पुढच्या होडीत एकजण बसला होता. कासव म्हणालं, 'याला हो म्हण.' मी ऐकलं नाही. पुढचं सगळं तुम्ही बघताच आहात."

"मला म्हणालं होतं, दात घासत जा," डॉक्टर वरून म्हणाले. "तिथूनच हा धंदा सुचला." त्यांनी हात लांबवून गोणपाट चाचपलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "हा बघा कंदील! गोल लागतोय हाताला. काय दिवस होते, गुरुजी! असा खेळ बंद करतात म्हणजे काय? आपण निषेध करायला हवा."

"करायलाच हवा! त्या उडाणटप्पूला कशाला आणलंय मेलं?" मावशी म्हणाल्या.

"शेवटचे कधी गेला होतात तुम्ही दोघं?" लेकीनं विचारलं.

मावशींनी पिशवीतली भाजी नीट लावायला घेतली. डॉक्टर म्हणाले, "हे बघ, असं असतं, की ते आहे हे माहीत असलं की जावंसं वाटत नाही."

"हात कापून नंतर चिकटवला तर?" मावशींनी विषय बदलला.

"हाताला हात लावायचा नाही," गुरुजी इतक्या हळू म्हणाले, की पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. मग डॉक्टरांनी वरून ओढलं, लेकीनं मान धरली, मावशींनी कमरेला पदर खोचून मागून ढकललं आणि भिंतीचा टवका काढून कासव एकदाचं घरात शिरलं.

गुरुजींनी खिडकीजवळचा कोपरा आधीच रिकामा केला होता. तिथे बायकोचं रंगाचं टेबल असायचं. सगळे खुर्च्यांवर बसले. नात, म्हणजे चिमणी, जमिनीवर अगदी पुढे बसली. गुरुजींनी शर्टाची बटणं नीट लावली, घसा साफ केला.

"मुलांनो," ते सवयीनं म्हणाले. डॉक्टर आणि मावशी ताठ बसले. "हिला उद्घाटनाला कधी बोलवायचे नाहीत. ती मागे दोऱ्या धरून उभी असायची. आज..." त्यांनी सुतळी सोडली. गोणपाट खाली पडलं. मग त्यांनी हलक्या हातानं डोळ्यांवरची पट्टी काढली.

समोर उल्कावीर उभा होता. चकचकीत लाल अंगरखा, पाठीवर उडायचं यंत्र, वर उगारलेली मूठ आणि दातांच्या डॉक्टरांनाही हेवा वाटावा असे दात.

"आजोबाऽऽ!" चिमणीनं किंकाळी फोडली आणि त्याच्या पायांना मिठी मारली. "तुम्ही माझ्यासाठी उल्कावीर आणलात?"

मावशी डॉक्टरांकडे बघत म्हणाल्या, "कंदील हाताला लागला म्हणे!"

"गोल होतं ना ते!" डॉक्टर पुटपुटले.

लेकीनं कपाळाला हात लावला. "बाबा, हा इथे आहे. मग उद्घाटनाला तिथे कोण आहे?"

गुरुजींच्या डोळ्यांपुढे सगळं चित्र उभं राहिलं. कामगारांनी गोदामातलं उरलेलं गाठोडं उचललं असणार, चौथऱ्यावर नेऊन तारा जोडल्या असणार. आणि आत काय आहे ते कुणी उघडून बघितलं नसणार. ती शिस्तच होती.

व्यवस्थापक फोन उचलेनात. उल्कावीरला पुन्हा जिन्यात घातलं. आता गोणपाट नव्हतं, त्यामुळे भिंतीचा दुसरा टवका त्याच्या मुठीनं थेट काढला. टेम्पोत तो आडवा मावेना, म्हणून उभाच केला. रस्त्यानं लोक हात हलवत होते. एका सिग्नलला तर हिरवा दिवा लागला तरी कुणी हलेना, सगळे फोटो काढत होते. चिमणी उल्कावीरच्या वतीनं सर्वांना हात करत होती. गुरुजी टेम्पोत पुढे बसले होते, फुलाफुलांची पट्टी मुठीत घट्ट धरून.

बागेच्या दाराशी रखवालदारानं टेम्पो अडवला.

"हा आत न्यायचाय," लेक म्हणाली.

"खरा उल्कावीर आत आहे, ताई. नकली माल सोडायचा नाही, असा हुकूम आहे."

"अहो, हाच खरा आहे!"

"सगळे असंच म्हणतात," रखवालदार म्हणाला. त्याला आजवर किती जणांनी उल्कावीर आणून दाखवले होते, कोण जाणे.

शेवटी लेक टेम्पोपाशी थांबली आणि गुरुजी चिमणीचं बोट धरून आत धावले. गुहेच्या तोंडाशी ही गर्दी जमली होती. धूर, ढोलताशांचं संगीत, लाल-निळे दिवे. मधोमध चौथऱ्यावर गोणपाटातली मूर्ती. व्यवस्थापकांनी दोरी हातात धरली होती. शेजारी सिनेमा कंपनीच्या काळा चष्मा लावलेल्या बाई.

गुरुजींना ओरडायला हवं होतं. पण समोर कुणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. त्यांनी हात वर केला. व्यवस्थापकांना वाटलं, गुरुजी शुभेच्छा देताहेत. त्यांनीही हात हलवला आणि दोरी ओढली.

गोणपाट पडलं. पट्टी सुटली. ढोल वाजायचे थांबले.

कासवानं कंदील उचलून धरला होता. तो पेटला. सगळ्या लखलखाटात तो पिवळा उजेड फारच केविलवाणा दिसत होता. कासवानं गर्दीकडे बघितलं आणि सावकाश, फार सावकाश डोळे मिटले. तेवढा वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही. गुरुजींनी चिमणीचं बोट इतकं घट्ट दाबलं, की ती "आजोबा, दुखतंय" म्हणाली. मग कासवानं डोळे उघडले.

"हे कोण?" काळ्या चष्म्याच्या बाईंनी विचारलं.

व्यवस्थापकांच्या कपाळावर घाम फुटला. "हे... हे उल्कावीरचे आजोबा."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

पुढचं सगळं पटापट झालं. उल्कावीर दारातून सन्मानानं आत आला. कंपनीच्या बाईंना आजोबांची कल्पना भलतीच आवडली. आठव्या भागात त्यांना घ्यायचं, असंही त्या म्हणाल्या. व्यवस्थापकांनी गुरुजींचे दोन्ही हात धरले. "अभिनंदन, गुरुजी! कासव वाचलं! आता ते कुठेच जात नाही."

"हो," गुरुजी म्हणाले. ज्यासाठी आलो ते मागायला आता तोंडच उरलं नव्हतं.

कारखान्यातला रंगारी गोणपाट गोळा करत होता. गुरुजींनी मुठीतली पट्टी त्याच्यापुढे धरली. "ही त्या उल्कावीरच्या डोळ्यांवर कशी आली?"

"बाईंनी जुन्या चादरींचा गठ्ठा देऊन ठेवला होता. पुरवून पुरवून कापतो आम्ही," रंगारी म्हणाला. "उल्कावीर असला म्हणून काय झालं, गुरुजी? डोळे ते डोळेच." मग जरा घुटमळून त्यानं हात पुढे केला. "ती परत देता का? गठ्ठा संपत आलाय."

गुरुजींनी पट्टीची नीट घडी घातली आणि त्याला दिली.

खिडकीजवळचा कोपरा रिकामाच राहिला. डॉक्टर आणि मावशी अभिनंदन करून गेले. आता कासव वाचलंच आहे म्हटल्यावर निषेधाचं कारण उरलं नव्हतं, आणि बागेत जायची घाईही उरली नव्हती.

काही दिवसांनी चिमणीनं हट्ट धरला म्हणून गुरुजी तिला घेऊन बागेत गेले. कासवाच्या पाठीवर आता लाल अंगरखा होता. पोटात कर्णा बसवला होता आणि त्यातून दर गाडीला जाड आवाज यायचा, "उड, उल्कावीर, उड!" आजोबा-नात गाडीत बसले. गाडी अशी सुटली, की गुरुजींचा चष्मा नाकावरून कानावर गेला. शेवटच्या वळणावर पिवळा उजेड एकदा सर्रकन बाजूनं गेला. कासवाचे डोळे मिटायला लागले होते. पुरते मिटले की नाही, ते दिसलं नाही. गाडी बाहेर आलीसुद्धा.

गुरुजी बाकावर टेकले. जुन्या सवयीनं प्रश्न तोंडातून निघून गेला. "काय म्हणालं गं कासव?" विचारल्यावर त्यांना वाईट वाटलं. आता उत्तर सगळ्या गावाला ऐकू येत होतं.

चिमणीनं बराच वेळ विचार केला. "ते 'उड उड' त्याचं नाहीये, आजोबा. ते पोटातल्या डब्याचं आहे."

"मग? त्याचं काय?"

"त्याचं सांगून व्हायचं होतं अजून," चिमणी म्हणाली. "आपणच निघून आलो."

गुरुजींनी चष्मा काढला आणि पुसत बसले. तो पुसून होईपर्यंत चिमणी एक शब्द न बोलता थांबली. मग दोघं उठले आणि रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.